तालमीपासून पदव्युत्तर पदवीपर्यंत
खेळाडूच्या देहाची निगा राखणाऱ्या विद्येचा इतिहास

‘तालीम’ हा शब्द आपल्या सोलापुरात दोन अर्थांनी वावरतो. घरात वडीलधारी माणसे ‘तालीम’ म्हणतात तेव्हा त्यांना शाळा-कॉलेजातील शिक्षण अभिप्रेत असते. घराचा उंबरा ओलांडून गल्लीत आले की तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, जोर-बैठका आणि वस्तादांचा दरारा. पाणीवेस, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा ही नावे उच्चारताना तो शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ ‘शिक्षण’ असा आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानातही येत नाही. वस्ताद म्हणजे उस्ताद, गुरू. मेहनत, कसरत, मालिश, खुराक, पेच, पहिलवान हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि येथल्या मातीत इतके मुरले की आज ते परके वाटत नाहीत.

असे असताना आपल्या घरांत मात्र या दोन तालमींचे वैर असल्यासारखे बोलले जाते. मुलगा मैदानावर रमला की पालक काळजीत पडतात. ‘खेळून पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक वार्षिक क्रीडास्पर्धेनंतर शिक्षकांच्या कानी येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याच्या घरी कमावता एकच आणि खाणारी तोंडे सहा, त्याने तो विचारलाच पाहिजे. परंतु या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एका विद्येचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. ती विद्या म्हणजे खेळाडूच्या देहाची निगा राखण्याची विद्या. अमेरिकेत तिला ‘ॲथलेटिक ट्रेनिंग’ म्हणतात आणि त्या व्यवसायात येण्यासाठी तेथे आज पदव्युत्तर पदवी लागते. आपल्याकडे ती कशी उगवली, कोणाच्या हातून वाढली आणि कोठे थांबली, ही हकीकत आपल्या समाजाने जाणून घेण्यासारखी आहे.

जुनी विद्या

व्यायाम करणाऱ्या माणसाला वैद्यकाची जोड हवी, ही जाण फार प्राचीन आहे. ग्रीक वैद्य गॅलेन हा आरंभी पर्गामम शहरातील ग्लॅडिएटरांवर उपचार करीत असे. जखमी योद्ध्यांकडे पाहून तो शरीररचना शिकला. पुढे इब्न सीना (इ. स. ९८० ते १०३७) यांनी ‘अल्-कानून’ या वैद्यकावरील महाग्रंथात व्यायामाला आरोग्यरक्षणाचे मोठे साधन मानले, एवढेच नव्हे तर मालिशचे प्रकारही सांगितले. व्यायामापूर्वी अंग तयार करण्यासाठी करावयाची मालिश वेगळी आणि व्यायामानंतर थकवा घालविण्यासाठी करावयाची वेगळी, असा स्पष्ट भेद त्यांनी केला आहे. आजचा फिजिओथेरपिस्ट खेळाडूला सामन्याआधी आणि सामन्यानंतर निरनिराळी काळजी घ्यावयास सांगतो, त्यामागचा विचार एक हजार वर्षांपूर्वी असा लिहून ठेवलेला होता. देहाचाही माणसावर हक्क असतो, ही हजरत पैगंबरांची (स.) शिकवण ज्या समाजाला मिळाली, त्या समाजातील हकिमांनी या विषयाकडे लक्ष दिले यात नवल नाही.

आपल्या तालमीतील वस्ताद ही विद्या ग्रंथातून शिकलेला नसे. ती त्याला त्याच्या वस्तादाकडून मिळालेली असे. कोणत्या पठ्ठ्याला किती जोर काढावयास लावावयाचे, कोणाचा खुराक वाढवावयाचा, कोणाला चार दिवस मातीत उतरू द्यावयाचे नाही, हे तो पाहूनच ठरवी. खांदा निखळला तर तो बसवी, पाय मुरगळला तर पट्टी बांधी. शिकविणारा, खाऊ घालणारा आणि दुखापत बरी करणारा असा एकच माणूस असे. तालमीची ही रीत ध्यानात ठेवावी, कारण पुढे याच तीन कामांची फाटाफूट झाली.

राजर्षींची दोन कामे

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांच्या चरित्रात तालमीचे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात. इ. स. १९०६ मध्ये त्यांनी कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करवून मुस्लिम विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची सोय केली आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. त्याच महाराजांनी इ. स. १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. एका हाताने पुस्तकाची तालीम आणि दुसऱ्या हाताने मातीची तालीम त्यांनी वाढविली. या दोन कामांत त्यांना विरोध दिसला नाही, ही गोष्ट आजच्या पालकांनी लक्षात घ्यावी.

बडोद्याची गुरुपरंपरा

आता आपल्या विषयाच्या मुख्य धाग्याकडे वळू. हा धागा बडोद्यातून निघतो. बडोद्यात एकोणिसाव्या शतकात जुम्मादादा या नावाचे एक मुस्लिम उस्ताद होऊन गेले. मल्लविद्या आणि शस्त्रविद्या यांत ते निष्णात होते. त्यांचा पट्टशिष्य एक मराठी तरुण, गजानन यशवंत तांबे. हेच पुढे राजरत्न माणिकराव (१८७८ ते १९५४) म्हणून प्रसिद्धीस आले. माणिकरावांनी आपल्या संस्थेला गुरूचे नाव दिले आणि ‘जुम्मादादा व्यायाममंदिर’ हे नाव सर्वतोमुखी झाले. माणिकरावांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसविली. त्याचबरोबर निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. म्हणजे वस्तादाची ती तिन्ही कामे त्यांच्या ठायी एकवटली होती.

इ. स. १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांच्या हाताखाली जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक विद्यार्थी शिकून गेला. हेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी इ. स. १९२४ मध्ये लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ ही संस्था काढली आणि आसने, प्राणायाम इत्यादींचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरण आणि अन्य उपकरणांनी तपासण्यास आरंभ केला. गुरूने सांगितले म्हणून मानावयाचे, ही जुनी रीत. ते मोजून पाहावयाचे आणि लिहून ठेवावयाचे, ही नवी रीत त्यांनी सुरू केली. बडोद्यातच द. चिं. मजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत मराठीत सिद्ध केला. इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकालाही या विषयाचे दार त्यामुळे उघडले.

इ. स. १९३७ मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाविषयी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्वामी कुवलयानंद होते. त्या समितीच्या कामातून इ. स. १९३८ मध्ये मुंबईजवळ कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ झाले. आपल्या भागातील शाळांमधून जे जुन्या पिढीचे पी. टी. शिक्षक होते, त्यांच्यापैकी अनेकांनी कांदिवलीचे शिक्षण घेतलेले असे.

हे सर्व एकट्या बडोद्यातून निघाले असे मात्र समजू नये. मद्रास येथे हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी वाय. एम. सी. ए. मार्फत इ. स. १९२० मध्ये व्यायामशिक्षकांचे शिक्षण सुरू केले होते. अमरावतीस वैद्य बंधूंनी इ. स. १९१४ मध्ये हनुमान आखाड्याच्या रूपाने लावलेले रोप वाढून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि त्या मंडळाच्या पथकाने इ. स. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी इ. स. १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढले. असे अनेक प्रवाह मिळून ही नदी झाली. तरी त्यांतील एका मोठ्या प्रवाहाच्या उगमाशी एक मुस्लिम उस्ताद उभा आहे, हे आपल्या मुलांना सांगावयास हवे.

पदवी आली

इतके होईपर्यंत मिळत होती ती प्रमाणपत्रे आणि पदविका. विद्यापीठाची पदवी स्वातंत्र्यानंतर आली. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराला शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने झाशीच्या राणीचे देहावसान जेथे झाले त्या ग्वाल्हेर शहरात भारत सरकारने इ. स. १९५७ मध्ये लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. शारीरिक शिक्षणाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम देशात प्रथम येथे सुरू झाला. पहिले प्राचार्य तेच, कांदिवलीचे पी. एम. जोसेफ. इ. स. १९६३ मध्ये येथेच पदव्युत्तर अभ्यासक्रमही निघाला. खेळांचे प्रशिक्षक घडविण्यासाठी इ. स. १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. महाराष्ट्रात अमरावतीस इ. स. १९६७ मध्ये पदवी महाविद्यालय आले आणि पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय इ. स. १९७७ मध्ये निघाले.

अशा रीतीने जुम्मादादांकडून माणिकरावांकडे, माणिकरावांकडून कुवलयानंदांकडे, कुवलयानंदांच्या समितीतून कांदिवलीस आणि कांदिवलीच्या प्राचार्यांबरोबर ग्वाल्हेरला, असा हा प्रवास झाला. आखाड्यातील विद्या विद्यापीठात पोहोचली. परंतु वाटेत तिचे एक अंग मागे राहिले.

मागे राहिलेले अंग

वस्तादाची तीन कामे वर सांगितली आहेत. त्यांपैकी शिकविण्याचे काम शारीरिक शिक्षकाकडे आणि प्रशिक्षकाकडे गेले. त्यासाठी पदव्या आल्या, नोकऱ्या आल्या. खुराकाचे काम पुष्कळ काळ कोणाकडेच गेले नाही. दुखापतीचे काम डॉक्टरांकडे गेले खरे, पण डॉक्टर इस्पितळात असतो, मैदानावर नसतो. खेळाडू पडतो त्या क्षणी त्याच्याजवळ कोण असावे, या प्रश्नाला उत्तर राहिले नाही.

इ. स. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ते हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर. त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले, ही गोष्ट आजही आदराने सांगितली जाते. त्याच स्पर्धेविषयी दुसरीही एक गोष्ट सांगितली जाते. जपानच्या इशीशी झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर खाशाबांना लागलीच पुढच्या कुस्तीस उभे राहावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो बजावून सांगण्यासाठी त्यांच्या बाजूने कोणी अधिकारी हजर नव्हता. दमलेल्या अंगाने ते रशियाच्या मल्लाशी लढले आणि हरले. त्यांच्या ताकदीत उणे नव्हते. त्यांच्या देहाची काळजी वाहणारा माणूस जवळ नव्हता, हे उणे होते.

त्या सुमारास मुंबईत एक निराळे काम सुरू झाले. पोलिओच्या साथीने पांगळ्या झालेल्या मुलांसाठी इ. स. १९५३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले. त्यास जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. हे देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय. पांगळ्या मुलाचा स्नायू पुन्हा कामास लावण्याची जी विद्या तेथे शिकविली गेली, तीच पुढे जखमी खेळाडूच्या उपयोगी पडू लागली. वस्तादाचे मागे राहिलेले अंग या दाराने परत आले.

अमेरिकेतील वाट

अमेरिकेत हे काम सुरुवातीपासून स्वतंत्र व्यवसाय म्हणून वाढले. तेथेही आरंभी बादली, पाणी आणि पट्ट्या घेऊन मैदानाकडेला उभा राहणारा माणूस एवढेच त्याचे स्वरूप होते. इ. स. १९१७ मध्ये सॅम्युएल बिलिक यांनी या कामावर पुस्तक लिहिले. इ. स. १९५० मध्ये कॅन्सस सिटीत ॲथलेटिक ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इ. स. १९६९ मध्ये पहिले पदवी अभ्यासक्रम आणि इ. स. १९७२ मध्ये पहिले पदव्युत्तर अभ्यासक्रम मान्य झाले. इ. स. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला आरोग्यसेवेचा व्यवसाय म्हणून मान्यता दिली. इ. स. २०१५ मध्ये असे ठरले की, या व्यवसायात प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीच हवी, त्यानुसार इ. स. २०२२ नंतर पदवी पातळीवर नवे प्रवेश देणे बंद झाले. बादलीपासून पदव्युत्तर पदवीपर्यंत जाण्यास त्यांना सुमारे शंभर वर्षे लागली.

इतके शिक्षण कशाला?

पट्टी बांधावयास एवढी वर्षे शिकावयाचे काय, असे कोणी विचारील. तीन उदाहरणे देतो.

पहिले, पाय मुरगळण्याचे. आपल्याकडे पाय मुरगळला की लगेच गरम तेलाने चोळण्याची सवय आहे. ताज्या दुखापतीत आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. जोराने चोळल्यास आणि ऊब दिल्यास सूज वाढते. आधी हाड मोडले नाही ना हे पाहावयाचे, मग थंड शेक, घट्ट पट्टी आणि पाय उंचावर. त्यानंतर नेमक्या वेळी हळूहळू हालचाल सुरू करावयाची. फार लवकर उठविले तर पाय पुन्हा मुरगळतो, फार दिवस निजवून ठेवले तर स्नायू दुबळा पडतो. ही नेमकी वेळ ओळखणे हेच शास्त्र.

दुसरे, डोक्याच्या माराचे. खेळताना डोके आपटले, मुलगा क्षणभर गांगरला, मग ‘मी ठीक आहे’ म्हणून पुन्हा धावू लागला, असे आपण पाहतो. मेंदूला हादरा बसल्याची शंका असेल तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळू द्यावयाचे नाही, हा आज जगन्मान्य नियम आहे. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर प्राणावर बेतू शकते. मैदानावर ‘नाही’ म्हणण्यास अधिकार लागतो आणि तो ज्ञानाने येतो.

तिसरे आपल्या सोलापूरच्या उन्हाचे. एप्रिल-मे महिन्यात येथे पारा चाळिशीच्या वर जातो. अशा उन्हात पार्क मैदानावर सराव करणारा मुलगा असंबद्ध बोलू लागला, अडखळून पडला, तर तो उष्माघात समजावा. रुग्णवाहिकेस बोलवावयाचेच, पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावयाचे नाही. बर्फाच्या पाण्याने, ओल्या चादरींनी, मिळेल त्या साधनाने त्याचे शरीर तत्काळ गार करावयाचे. आधी गार करणे, मग हलविणे, हा नियम माहीत असलेला एक माणूस जवळ असला तर मुलाचा जीव वाचतो. रमजानच्या महिन्यात रोजा ठेवून खेळणाऱ्या मुलांच्या सरावाची वेळ कोणती असावी, इफ्तारनंतर पाणी आणि खुराक कसा घ्यावा, हा प्रश्नही याच विद्येत येतो. त्याचे उत्तर आपल्या समाजातील शिकलेला माणूस अधिक आपुलकीने देऊ शकेल.

आपल्या मुलांसाठी वाट

‘ॲथलेटिक ट्रेनिंग’ या नावाची अमेरिकेसारखी वाट आपल्याकडे रुळलेली नाही. आपल्याकडे या कामास जाण्याचा मुख्य रस्ता फिजिओथेरपीतून जातो. बारावी विज्ञान शाखा जीवशास्त्रासह, नंतर साडेचार ते पाच वर्षांचा बी. पी. टी. अभ्यासक्रम आणि त्यानंतर पदव्युत्तर एम. पी. टी.; त्यात क्रीडा फिजिओथेरपी हा विशेष विषय निवडता येतो. या व्यवसायांच्या शिक्षणाचे आणि नोंदणीचे नियमन करण्यासाठी संसदेने इ. स. २०२१ मध्ये कायदा केला असून त्यात फिजिओथेरपीचा समावेश आहे. ज्याला शिकविण्याची आवड आहे त्याने बी. पी. एड. आणि एम. पी. एड. ची वाट धरावी. हे दोन्ही अभ्यासक्रम प्रत्येकी दोन वर्षांचे आहेत. दोन्ही वाटांतील भेद ओळखूनच निवड करावी. एक खेळ शिकविण्याची वाट आहे, दुसरी खेळणाऱ्याला सांभाळण्याची. प्रवेशापूर्वी संस्थेला विद्यापीठाची व शासनाची मान्यता आहे की नाही हे स्वतः तपासावे. नुसत्या जाहिरातीवर फी भरू नये.

परदेशी जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याने खर्चाचा नीट हिशेब करावा. मायदेशी परतावयाचे असेल तर तेथील पदवीचा येथे कोणत्या कामास उपयोग होईल, हेही आधी विचारून घ्यावे. कर्ज काढून घेतलेली पदवी घराला जड होऊ नये.

मुलींविषयी दोन शब्द मुद्दाम लिहितो. आज आपल्या मुली धावतात, कबड्डी-खोखो खेळतात. गुडघा दुखावला, कंबर भरली की त्या पुष्कळदा ते घरीसुद्धा सांगत नाहीत. कारण तपासणारा पुरुष असणार हा संकोच. मग दुखणे अंगावर काढले जाते आणि एक दिवस खेळच सुटतो. या मुलींजवळ बसून निःसंकोचपणे त्यांची दुखापत पाहणारी, त्यांच्याच भाषेत बोलणारी शिकलेली बहीण हवी. हे काम आपल्याच मुली करू शकतात. घरच्या मर्यादा सांभाळून, सन्मानाने करता येईल असा हा व्यवसाय आहे. मैदानाखेरीज इस्पितळात, शाळेत किंवा स्वतःच्या दवाखान्यातही तो चालविता येतो. जी मुलगी खेळते तिला दुखापत अनुभवाने कळलेली असते. तिच्यासारखी योग्य उमेदवार दुसरी कोण?

इ. स. २००४ पासून सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ आहे आणि वैद्यकीय महाविद्यालय तर इ. स. १९६३ पासून आहे. तालमी त्याहूनही जुन्या आहेत. गल्लीतील वस्ताद थकला, त्याच्या हाताची विद्या पुढे शिकणारे कमी झाले. ती विद्या नष्ट झाली नाही. ती आता विद्यापीठात, प्रयोगशाळेत आणि इस्पितळात शिकविली जाते. तिला तेथे गाठावयास हवे. जुम्मादादांनी आपली विद्या जात-धर्म न पाहता एका होतकरू तरुणाला दिली आणि तिचे झाड किती मोठे झाले ते आपण पाहिले.

तेव्हा पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी मैदानावरून धुळीने माखून घरी आली तर रागावण्यापूर्वी एकदा विचार करा. त्या खेळाला विज्ञानाच्या अभ्यासाची जोड मिळाली तर त्यातून एक उपयुक्त आयुष्य घडू शकते. आणि विद्यार्थी मित्रांनो, मैदानावर दोन तास घालविलेत तर जीवशास्त्राच्या पुस्तकालाही दोन तास द्या. तालमीचे दोन्ही अर्थ तुमच्या एका आयुष्यात पुन्हा एकत्र यावेत, एवढीच अपेक्षा आणि हीच दुआ.